घाटातली मॅरेथॉन: दमसास असूनही पाय का अडतात? या चुका टाळा

सातारा हिल हाफ मॅरेथॉनचे अंतर २१.१ किलोमीटरच असल्याने, ज्यांनी सपाटीवर ४२ किलोमीटर धावून दाखवले आहेत किंवा साडेतेरा तासांच्या मुदतीत २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत संपवायची लांब पल्ल्याची सायकल सफर) पुरी केली आहे, ते ही शर्यत म्हणजे डाव्या हाताचा मळ असे समजून नाव नोंदवतात. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याने जायचे आणि त्याच वाटेने साताऱ्यात परतायचे, असा हा मार्ग आहे. नवख्यांना धास्ती असते ती चढाची. खरी परीक्षा मात्र परतीच्या उतारावर होते, आणि तयारीतल्या बहुतेक चुका या उलट्या समजुतीतूनच होतात.

सायकलिंगने कमावलेला दमसास घाटात उपयोगी पडतो, यात शंका नाही. परंतु पेडल मारताना मांडीचे स्नायू आखडत जोर लावतात, तर उतारावर धावताना तेच स्नायू प्रत्येक पावलागणिक ताणले जात असतानाच शरीराचा भार रोखून धरतात, आणि या रोखण्याच्या कामात स्नायूतंतूंना सूक्ष्म इजा होते. असे काम सायकलवर जवळजवळ नसते, पोहण्यात तर नसतेच. एका वर्षी जुलैत ४०० किलोमीटरची बीआरएम केली आणि पुढे गणपतीच्या दिवसांत या शर्यतीसाठी साताऱ्याला गेलो, चढ मजेत पार केला आणि उतारावर लांब टांगा टाकत बरेच जण मागे टाकले. शेवटच्या वळणांवर धुक्यातून खाली शहर दिसू लागले तेव्हा मांड्या लटलटू लागल्या होत्या, आणि सपाट रस्ता लागताच पाऊल उचलेना. दुसऱ्या दिवशी गणपतीच्या जेवणाला पाटावर बसलो खरा, पण उठवायला दोन भाच्यांना बगलेत हात घालावे लागले.

यावर उपाय एकच, तो म्हणजे उताराचाही सराव. एकदा उतारावर धावून मांड्या दुखल्या की पुढचे काही आठवडे तेवढ्याच श्रमाने त्या कमी दुखतात. म्हणून शर्यतीपूर्वीच्या सहा ते आठ आठवड्यांत आठवड्यातून एकदा, आधी थोडे आणि मग वाढवत, उतार धावावा आणि शेवटचा कस लावणारा सराव किमान दोन आठवडे आधी संपवावा. पुणेकर सिंहगडचा रस्ता किंवा बोपदेव घाट, ठाणेकर येऊर आणि कोल्हापूरकर पन्हाळा गाठतात, ते योग्यच आहे. मात्र धावत वर जाऊन मित्राच्या गाडीतून खाली यायचे, या सोयीच्या प्रथेने निम्मा अभ्यासक्रमच गळतो. ट्रेडमिलचा चढही याच कारणाने अपुरा ठरतो. उतरताना पावले लहान व भरभर पडावीत, पाय शरीराच्या पुढे नव्हे तर खाली टेकावा आणि मागे रेलू नये.

चढावर घड्याळातल्या वेगाकडे पाहणे ही दुसरी चूक. सपाटीवरचा वेग घाटात टिकत नाही. पूर्ण वाक्य बोलता येईल इतपतच श्वास चढू द्यावा आणि तीव्र चढावर खुशाल चालावे.

मोठ्या बीआरएमनंतर लगेच घाटाचा सराव सुरू करणेही महागात पडते, कारण झोपेची थकबाकी फिटलेली नसते आणि स्नायूंपेक्षा त्यांना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा सावकाश बळकट होतात. दोन्ही मांड्या सारख्या दुखत असतील आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणे ओसरत असेल, तर काळजीचे कारण नसते. नडगीच्या हाडावर एकाच ठिकाणी दाबल्यावर कळ येत असेल, तर धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे. लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. दुखू नये म्हणून शर्यतीआधी वेदनाशामक गोळी घेण्याची सवयही मूत्रपिंडांवर बेतू शकते.

बुटांचे म्हणाल तर उतारावर पंजा पुढे सरकून नखे काळी पडतात. त्यासाठी बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा असावी, नखे दोन-तीन दिवस आधी कापावीत आणि नाडी घोट्याजवळच्या शेवटच्या भोकातूनही ओवून टाच पक्की बसवावी.