सेंटवर अक्षरं दुहेरी दिसली, तर ती डबल्ड डाय आहे का?

जुन्या अमेरिकन सेंटवर, म्हणजे एक सेंटच्या नाण्यावर, अक्षरं जोडीने दिसली की संग्राहकांमध्ये लगेच फोटो फिरू लागतात: ‘डबल्ड डाय मिळाली!’ बहुतेक वेळा ती नसते. नाव नीट कळलं तर निम्मी तपासणी तिथेच होते. दुहेरी झालेली असते ती डाय, म्हणजे नाणं ठोकायचा पोलादी ठसा. नाणं मात्र एकदाच ठोकलेलं असतं. नाणंच दोनदा ठोकलं गेलं तर तो डबल स्ट्राइक, म्हणजे वेगळीच चूक.

डाय बनते कशी, ते आधी पाहू. डाय घडवायच्या मूळ ठशाला हब म्हणतात. त्यावर नाण्यासारखीच उठावाची नक्षी असते. तो नरम पोलादावर दाबला की खोलगट, उलटी नक्षी असलेली डाय तयार होते आणि त्या डायने नाणी पाडली जातात. पूर्वी एका दाबात नक्षी पुरी उमटत नसे. मग पोलाद तापवून पुन्हा नरम करायचं आणि हब पुन्हा दाबायचा. दुसऱ्या वेळी हब जरा फिरला किंवा सरकला, तर डायमध्येच दोन प्रतिमा बसतात आणि त्या डायने पाडलेल्या प्रत्येक नाण्यावर त्या तशाच उमटतात. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत एकाच दाबात डाय करायची पद्धत आली. त्यानंतरच्या डबल्ड डायमधलं दुहेरीपण बहुधा बारीक असतं.

आता दहापट भिंग घ्या, दिव्याचा प्रकाश तिरपा पाडा आणि एकच अक्षर निवडून त्याची जाडी बघा. साध्या सेंटशेजारी ठेवून बघितलं तर उत्तम. खऱ्या डबल्ड डायमध्ये अक्षर रुंद होतं, दोन्ही प्रतिमा गोलसर उठावाच्या असतात आणि अक्षराच्या टोकांना स्पष्ट खाच दिसते. मशीन डबलिंगमध्ये याच्या उलट घडतं. ठोका पडल्यावर सैल डाय हलते आणि तयार अक्षराची कड चेपते. त्यामुळे अक्षराशेजारी सपाट, चकचकीत पायरी दिसते आणि अक्षर उलट बारीक होतं. अशा नाण्याला जास्तीची किंमत नाही, विकणारा काहीही सांगो.

तिसरा प्रकार झिजलेल्या डायचा. यात अक्षरं फुगीर आणि कडा धूसर दिसतात. १९५५ च्या काही सेंटवर शेवटचा ५ असाच दुहेरी दिसतो. त्याला ‘गरिबाची डबल्ड डाय’ म्हणतात आणि ती हौसेने विकलीही जाते!

पुढची खूण टांकसाळीच्या चिन्हाची, म्हणजे नाणं कुठल्या टांकसाळीत पाडलं ते सांगणाऱ्या अक्षराची. १९८० च्या दशकाअखेरपर्यंत अमेरिकेत हे चिन्ह डायवर नंतर, हाताने ठोकत. म्हणजे हब सरकल्यामुळे ते दुहेरी होणं शक्यच नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या १९६९ च्या सेंटवर तारखेबरोबर ‘एस’ही त्याच दिशेने दुहेरी दिसत असेल, तर ती जवळजवळ नक्की मशीन डबलिंग. ही खूण अमेरिकन पद्धतीवर बेतलेली आहे, भारतीय नाण्यांना तशीच लावू नका.

संग्राहकांच्या यादीतली डबल्ड डायची नावं वाचायला सोपी आहेत. डीडीओ म्हणजे दर्शनी बाजू दुहेरी, डीडीआर म्हणजे मागची. एफएस-१०१ सारखे क्रमांक फिवाझ आणि स्टँटन या नाणेतज्ज्ञांच्या यादीतले. त्यात १०१ पासून दर्शनी बाजूच्या डबल्ड डाय येतात, ८०१ पासून मागच्या बाजूच्या. हब कसा हलला यावरून आठ वर्गही पाडले आहेत. ते सगळे पाठ करायची गरज नाही, पहिला मात्र ओळखायला शिका. त्यात हब मध्याभोवती फिरलेला असतो, म्हणून काठावरची अक्षरं लांब सरकतात आणि मधला चेहरा जवळपास तसाच राहतो. १९५५ चा प्रसिद्ध, खरा डबल्ड डाय सेंट याच वर्गातला. सगळंच काही अक्षरांत सापडत नाही, हेही ध्यानात ठेवा: १९८४ च्या एका सेंटवर लिंकनच्या कानाच्या पाळीखाली दुसरी पाळी दिसते.

शेवटी आपलं नाणं यादीतल्या फोटोशी ताडून बघा, आणि फक्त दुहेरी अक्षरं ताडून थांबू नका. डायवरचे बारीक ओरखडेही प्रत्येक नाण्यावर उतरतात. १९५५ च्या खऱ्या डीडीओ सेंटच्या मागच्या बाजूला ‘सेंट’ शब्दातल्या ‘टी’च्या डावीकडे बारीक उभ्या रेघा असतात. या सेंटच्या नकला बाजारात भरपूर आहेत. भिंगातून त्या रेघा दिसल्या नाहीत, तर तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.