धसका बसलेल्या माणसाशी वागताना घरचे करतात त्या चुका

माझ्या मावसबहिणीला, आम्ही तिला ताई म्हणतो, पलंगावरून उतरताना एक सवय लागली होती. पाय एकदम खाली टाकायचा नाही. आधी उजव्या पायाच्या अंगठ्याने फरशी चाचपायची, कोरडी लागली की मगच उभं राहायचं. ती लागली एका पहाटेमुळे. २३ सप्टेंबर २०२३ ला ती उठली आणि पाय थेट पाण्यात गेला. त्या रात्री नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी काठ सोडून वस्तीत शिरली. डागा ले-आउट, अंबाझरी ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी, सगळीकडे तळमजल्यात पाणी. ताईच्या स्वयंपाकघरात फ्रिज आडवा होऊन तरंगत होता. सासूबाईंना पाठीवर घेऊन ती अंधारात जिना चढली.

अंगठ्याची ती सवय आम्हाला जवळजवळ वर्षभर दिसलीच नाही. आणि मी तर समुपदेशनाचं काम करते. लोकांच्या घरचं अर्ध्या वाक्यात ओळखते असा माझा समज होता, म्हणून इथल्या बऱ्याच चुका माझ्या स्वतःच्या आहेत.

‘आता तर बरी आहे ना जी ती’

सगळ्यात महागात पडलेली चूक हीच. धसका बसलेला माणूस म्हणजे रडणारा, थरथरणारा, रात्री किंचाळून उठणारा, असं चित्र आपल्या डोक्यात असतं. ताई यातलं काहीच करत नव्हती. गाळ उपसला, पंचनाम्याला उभी राहिली, भिजलेल्या गाद्या फेकल्या, महिनाभरात घर लावून मोकळी. सगळे म्हणाले, बाई खंबीर आहे.

मग हळूहळू घरच बदललं. तळमजल्यावरची झोपायची खोली रिकामी झाली, सगळे वर झोपू लागले. ढग दाटले की मुलगी टीव्हीचा आवाज वाढवायची, पावसाचा ऐकू येऊ नये म्हणून. भाऊजी शंकरनगरला जाताना नदीवरचा पूल टाळून लांबून गाडी घ्यायचे. अंबाझरीचं नाव घरात कुणी काढेना. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, सगळं मायेपोटी आपोआप झालं. आणि हे सगळं इतकं नीट जमलं की ताईला त्रास व्हायला वावच उरला नाही. आम्ही त्यालाच बरं होणं समजलो.

पुढच्या जूनमध्ये पहिला गडगडाट झाला तेव्हा ती ऑफिसात होती. टेबलाखाली पाय वर घेऊन बसली आणि तासभर खाली ठेवेना.

टाळणं हे पीटीएसडीचं, म्हणजे आघातानंतर जडणाऱ्या या आजाराचं लक्षण आहे, इलाज नाही. टाळलं की त्या क्षणी हायसं वाटतं आणि मेंदू धडा घेतो की टाळलं म्हणून वाचलो. पुढच्या वेळी आणखी थोडं टाळायचं. वर्तुळ लहान होत जातं. त्यामुळे घरच्यांनी ‘रडते का, झोपते का’ एवढंच बघू नये. तिने काय करायचं सोडलं, कुठल्या रस्त्याने जायची थांबली, कुठला वास आला की खोलीतून उठते, हे बघावं. ताईला ओल्या पुठ्ठ्याचा वास सहन होत नव्हता. किराण्याचा खोका घरात आला की ती बाल्कनीत जायची. आम्हाला वाटायचं, फोन आला असेल.

महिनाभराचा हिशेब काढायला पाच गोष्टी विचारा. नको असताना ती घटना आठवते का, स्वप्नात येते का? तिची आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळते का? सारखी सावध असते का, साध्या आवाजाने दचकते का? माणसांपासून, आवडीच्या कामांपासून तुटल्यासारखं वाटतं का? झाल्या गोष्टीचा दोष स्वतःला किंवा दुसऱ्याला देत बसते का? तीन-चार ‘हो’ आले तर डॉक्टरकडे जायचं. घरच्या घरी निदान करत बसायचं नाही.

इथे उलटी चूकही होते. घटनेला आठवडा होत नाही तोच लोक ‘हिला पीटीएसडी झाला’ म्हणून मोकळे होतात. पहिले काही दिवस झोप न लागणं, दचकणं, जेवण न जाणं हे बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं आपोआप ओसरतं. तीन दिवस ते एक महिना या काळात लक्षणं फार जोरात असतील तर डॉक्टर त्याला तीव्र ताणविकार म्हणतात. एक महिना उलटूनही ती राहिली आणि कामधंदा, घर बिघडलं तर पीटीएसडीचा विचार होतो. काहींना पूर्ण चित्र दिसायला सहा महिन्यांच्या वर लागतात. ताईचं तेच झालं. नोकरी जाणं, घटस्फोट, बदली अशा गोष्टींनी तीन महिन्यांच्या आत माणूस ढासळला तर तो समायोजनाचा विकार. त्याचा इलाज वेगळा, म्हणून सगळ्यालाच ‘ट्रॉमा’ म्हणायची जी फॅशन आली आहे ती मला आवडत नाही.

‘लोकांची माणसं गेली, तुझा तर फ्रिज गेला’

हे वाक्य माझं आहे. दिवाळीच्या आधी फराळ करताना म्हटलं होतं आणि वाटलं होतं, धीर देतेय. त्यानंतर तीन महिने ती माझ्याशी पुराबद्दल एक शब्द बोलली नाही. ‘मन घट्ट कर’, ‘मनाला लावून घेऊ नको’, ‘एवढी शिकलेली तू’ ही सगळी त्याच घरची भावंडं. त्यातून समोरच्याला एवढंच ऐकू येतं की इथे बोलायची सोय नाही.

‘सांग ना, मोकळी हो’

गप्प बसवणं वाईट, तसं वदवून घेणंही वाईट. पुरानंतर भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा ताईला पहिल्यापासून सांगायला लावायचा. पाणी किती होतं, सासूबाई ओरडत होत्या काय, मग तू काय केलं. चहाबरोबर कहाणी. मोठ्या दुर्घटनेनंतर सगळ्यांना एकत्र बसवून एकाच बैठकीत सगळं बोलून घ्यायची पद्धत एकेकाळी तज्ज्ञही वापरत. जागतिक आरोग्य संघटना आता ती वापरू नका म्हणते. तिच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचाराच्या पुस्तिकेचा गाभा तीन क्रियापदांचा आहे: पहा, ऐका, जोडा. पहा म्हणजे माणूस सुरक्षित आहे का, जखमी आहे का, जेवला का. ऐका म्हणजे तो जेवढं सांगेल तेवढंच. जोडा म्हणजे नातलग, दवाखाना, मदतीचा अर्ज, जे हवं त्याच्याशी. पहिल्या आठवड्यात कोरडे कपडे आणि चार्ज केलेला मोबाईल हीसुद्धा मानसिक मदतच असते.

‘चल, अंबाझरीवर नेऊन आणतो, भीती जाईल’

हे भाऊजींचं. वाचून वाचून त्यांना कळलं की टाळणं वाईट, आणि एका रविवारी त्यांनी ताईला गाडीत बसवून न सांगता थेट तलावाच्या ओव्हरफ्लोजवळ नेलं. ती गाडीतून उतरली नाही. परतीच्या वाटेवर तिला आपण कुठे आहोत हेच कळेना. ‘सासूबाई वर गेल्या काय’ असं दोनदा विचारलं. सासूबाई घरी भाजी निवडत होत्या.

अशा वेळी माणूस ती रात्र नुसती आठवत नसतो, तो त्या रात्रीतच असतो. त्याला हलवू नका, मागून धरू नका. समोर, थोडं अंतर ठेवून नाव घ्या. शांतपणे सांगा: आज रविवार आहे, आपण गाडीत आहोत, पाऊस नाही, मी तुझ्याजवळ आहे. पाय जमिनीवर टेकवायला सांगा, समोर दिसणाऱ्या चार वस्तूंची नावं विचारा, गार पाण्याचा पेला हातात द्या. झोपेत दचकून उठला तरी हेच: आधी दिवा, मग आवाज, हात सगळ्यात शेवटी.

भीतीच्या गोष्टीला सामोरं जाणं हा उपचाराचा भाग आहे हे खरं, पण ते पायरीपायरीने, त्या माणसाच्या होकाराने आणि शिकलेल्या थेरपिस्टच्या सोबतीने. ताईची पहिली पायरी काय होती सांगू? मोबाईलवर पावसाचा आवाज, दोन मिनिटं, अगदी हळू. तलाव यायला पाच महिने लागले.

‘एक गोळी दे, झोपू दे’

अल्प्राझोलमसारख्या गोळ्यांनी झोप येते, म्हणून घरात कुणाच्या तरी नावाने आणलेली पट्टी फिरत राहते. पीटीएसडीवर हा इलाज नाही, उलट सवय लागते आणि थेरपीही अडते. डॉक्टर देतात ती सर्ट्रालीनसारखी औषधं वेगळी. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि ती मनाने एकदम बंद करायची नसतात. पहिल्या आठ दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून पाकीट बाजूला ठेवणारे मी ढीगभर पाहिले. आघातावर केंद्रित असलेली बोलण्याची थेरपी हा मुख्य उपचार. साधारण ८ ते १२ बैठका, कधी जास्त. डोळ्यांच्या हालचालींचा वापर करणारी ईएमडीआर ही पद्धतही मान्यताप्राप्त आहे. ऐकायला चमत्कारिक वाटते म्हणून हसण्यावारी नेऊ नका.

पुरुषांच्या बाबतीत गोळीची जागा बाटली घेते. माझ्याकडे एक रेल्वेचे लोको पायलट यायचे. रुळावर कुणी आडवं आलं की इंजिनातला माणूस हॉर्न वाजवतो, इमर्जन्सी ब्रेक मारतो आणि मग फक्त बघत बसतो. गाडी काही त्या क्षणी थांबत नाही, शेकडो मीटर जातेच. असं त्यांच्या नोकरीत तीनदा झालं. घरी कधी रडले नाहीत. मुलाच्या हातून वाटी पडली की ताट भिरकावायचे. बायको म्हणायची, ‘लय रागीट झाले हो, आधी असे नव्हते.’ भय दाखवायची मुभा नसलेल्या माणसाचं भय रागाच्या वाटेने बाहेर येतं. पोलीस, अग्निशमन दल, ॲम्ब्युलन्स, शवविच्छेदनगृह, इथे काम करणाऱ्यांना ‘रोजचंच आहे’ म्हणू नका. आघात पुन्हा पुन्हा बघणं हेही कारण म्हणून निदानात धरलेलं आहे.

पोरांचं थोडक्यात. लहान मूल सांगत नाही, खेळतं. टबात बाहुल्या बुडवून ‘पूर आला’ खेळणाऱ्या नातवाला आजोबांनी अपशकुनी म्हणून चापट मारली होती. मारू नका, शेजारी बसा. बंद झालेली अंथरूण ओलं करायची सवय परत सुरू होणं, आईचा पदर न सोडणं याकडे लक्ष द्या. दृष्ट काढायची तर काढा, मीठमोहरीने कुणाचं काही बिघडत नाही, फक्त तिच्या भरवशावर महिने घालवू नका.

‘पागलखान्यात नेता काय तिला?’

मानकापूरकडच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाजवळच्या चौकाला आपण अजून पागलखाना चौकच म्हणतो. ऑटोवाल्याला दुसरं नाव कळत नाही. १८६४ पासूनचं रुग्णालय, तिथे बाह्यरुग्ण विभाग आहे, लोक सकाळी दाखवून दुपारी घरी येतात. तिथे जायचं नसेल तर मेडिकल म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आहे, मेयो रुग्णालय आहे, मिहानचं एम्स आहे, तिन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. घरातून हलणंच जमत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

‘जगून काय करू’ असं ऐकू आलं तर विषय बदलू नका. स्पष्ट विचारा: जीव द्यायचा विचार येतो का? विचारल्याने विचार डोक्यात येत नाही, उलट एकट्याने ओढायचं ओझं हलकं होतं. उत्तर ‘हो’ आलं तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, फवारणीचं औषध आणि गोळ्यांचा डबा कुलपात, आणि त्याच दिवशी दवाखाना.

ताई आता खाली झोपते. अंगठा अजून कधीकधी फरशी चाचपतो, बहुतेक वेळा तिचं तिलाच हसू येतं. कपाटाच्या माथ्यावर मात्र सातबारा, आधार, विम्याचे कागद घातलेली जाड प्लास्टिकची पिशवी गाठ मारून ठेवलेली असते. मागच्या पावसाळ्यात मी तिच्या थेरपिस्टला विचारलं, हेही टाळणंच ना, काढायला सांगू काय? त्या म्हणाल्या, ‘तुमचं घर नाल्याला लागून आहे ना? मग राहू द्या. तुमचेही कागद ठेवा त्यात.’