रॅम वाढवण्याआधी केएसएम चालू करून बघा
महापे-ऐरोलीच्या डेटा सेंटरमध्ये एकाच लिनक्स सर्व्हरवर सारखीच ओएस असलेल्या दहा-बारा केव्हीएम मशीन (लिनक्सच्या केव्हीएम सोयीवर चालणारे आभासी संगणक) चालवताय? मग केएसएम (‘कर्नल सेमपेज मर्जिंग’, म्हणजे मेमरीतले सारखे भाग एकत्र करून रॅम वाचवणारं तंत्र) चालू करा; २००९च्या २.६.३२ आवृत्तीपासून ते लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच आहे. मेमरीच्या तंतोतंत सारख्या ४ केबीच्या तुकड्यांची, म्हणजे पेजची, ते एकच प्रत ठेवतं. कुठलीही मशीन त्यात लिहायला गेली की तिला वेगळी प्रत मिळते. दिवसभरानं /sys/kernel/mm/ksm मधले आकडे बघा. ‘शेअरिंग’पेक्षा (एकत्र केल्यानं वाचलेली पेज) ‘अनशेअर्ड’ (जोडी न सापडता पुन्हा पुन्हा तपासली जाणारी पेज) फारच मोठा असेल तर सीपीयू फुकट राबतोय. बंद करताना तिथल्याच ‘रन’ फाइलमध्ये ० नव्हे, २ लिहा, ०नं शोध थांबतो, पण जोडलेली पेज तशीच राहतात.

वेगवेगळ्या ग्राहकांच्या मशीन एकत्र असतील तर मात्र कृपया हे चालू करूच नका. एकत्र केलेल्या पेजवर लिहिताना वेगळी प्रत करावी लागते, म्हणून जास्त वेळ लागतो; त्या वेळेवरून शेजाऱ्याच्या मेमरीत काय आहे, हे ताडता येतं.