कासव आणण्याआधी पावसाळ्याची सोय

आमच्या फोंड्याच्या घरी कासव आहे हे कळलं की लोक विचारतात, "मिळालं कुठे?" मी उलट विचारते, "पावसाळ्यात ठेवणार कुठे?" मग फोनवर शांतता. कासव पाळण्याविषयी जे वाचायला मिळतं ते बहुतेक थंड देशांतल्या लोकांनी लिहिलेलं असतं. त्यांची सगळी धडपड ऊब देण्यासाठी. गोव्यात ऊब फुकट आहे. आपली लढाई जून ते सप्टेंबर, ती ओलीशी आणि हरवलेल्या उन्हाशी.

आधी काय आणायचं नाही ते सांगते. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं आपलं भारतीय स्टार कासव कोणी कितीही गोड बोलून दिलं तरी घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे ते. पकडले गेलात तर ३ ते ७ वर्षांची कैद होऊ शकते, आणि "वास्तुशांतीसाठी आणलं" हे कोर्टात चालत नाही. शिवाय ते कोरड्या माळरानाचं जनावर, आमच्या आषाढात त्याची छाती भरलीच म्हणून समजा. पहिल्या पावसात शेताच्या मेरेवर किंवा रस्त्यावर दिसणारी आपली पाण्यातली कासवंही उचलून आणायची नाहीत. विहीर साफ राहते म्हणून आणून सोडायची तर मुळीच नाहीत. गाडीखाली येत असेल तर ज्या दिशेला चाललंय त्या बाजूला उतरवून ठेवा आणि आपल्या वाटेला लागा. जखमी असेल तर वनखात्याला कळवा.

दुकानात काचेच्या टाकीत पोहणारं हिरवं, कानामागे लाल पट्टा असलेलं पिल्लू म्हणजे रेड-इअर्ड स्लायडर. ते पाण्यातलं, आपला आजचा विषयच नव्हे. एवढंच सांगते की रुपयाएवढं दिसणारं ते पिल्लू ताटाएवढं होतं, मग लोक गुपचूप तळ्यात सोडतात आणि ते तिथल्या आपल्या कासवांच्या पोटावर येतं.

राहिली जमिनीवरची परदेशी कासवं. सुलकाटा स्वस्तात मिळतं, पिल्लू लोभस असतं. पण ते सहाराच्या काठचं, मोठेपणी ५० किलोपर्यंत जातं आणि बिळं खणून कुंपणाचा पाया पोकळ करतं. ग्रीक आणि हर्मन जातीची कासवं भूमध्य समुद्राकडची, त्यांनाही आपला दमटपणा सोसत नाही. माझं मत विचाराल तर गोव्यासाठी एकच नाव: दक्षिण अमेरिकेचं लाल पायाचं कासव, रेड-फूटेड टॉर्टॉइज. दमट रानातलं, साधारण फूटभर लांबीचं होणारं, हिवाळी झोप न घेणारं. पण जगतं पन्नासेक वर्षं. मी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली बाई, म्हणून आणण्याआधी भाचीला विचारलं, माझ्यानंतर तू बघशील का? तिने हो म्हटल्यावरच पुढची तयारी. हा प्रश्न तुमच्याही घरात आधी सुटू दे.

आता घर. एक गोष्ट मनात पक्की करा: या कासवाला हवेतली ओल चालते, पायाखालचा चिखल चालत नाही. चार दिवस सतत ओल्या मातीत पोट टेकून बसलं की पोटाकडच्या कवचावर पांढरट, मऊ, वास येणारे डाग पडतात. कवच सडायला लागल्याची ती खूण.

अंगणातली जागा निवडताना वर बघा. माडाखाली नको, पोफळीखाली नको. नारळ डोक्यात पडेल हे तर झालंच, पण कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, मे अखेरीस कोळेरोगासाठी (सुपारी कुजवणाऱ्या रोगासाठी) बोर्डो मिश्रण फवारतात आणि पुढे दीडेक महिन्याने पुन्हा. मोरचूद आणि चुन्याचं ते पाणी पानांवरून गळून खालच्या गवतावर बसतं. ते गवत कासवाच्या तोंडी लागता कामा नये. जमीन उताराची हवी, सकाळचं ऊन यायला हवं, आणि दुपारी सावलीत शिरायला जास्वंदीची झुडपं हवीत. मोठ्या कासवाला किमान ८ फूट बाय ६ फूट, जास्त दिलंत तर उत्तम. कुंपण दीड-दोन फूट उंच, चिऱ्यांचं. जाळी नको. पलीकडचं दिसलं की कासव दिवसभर तिथेच धडका देत राहतं. चिऱ्यांचा खालचा थर जमिनीत पुरा. कोपरे उभे-काटकोनी असतील तर तिथे ते वर चढायचा प्रयत्न करतं आणि उताणं पडतं. उन्हात उताणं पडलेलं कासव मरू शकतं, म्हणून कोपरे गोल करून घ्या. पिल्लू असेल तर वरून जाळीचं झाकण हवंच. कावळा, मुंगूस, घूस आणि शेजाऱ्यांचा कुत्रा, चौघांचाही भरवसा नाही.

रात्रीचं घर मात्र पक्कं करा. लाकडी पेटी, जमिनीपासून वीतभर वर, पावसाच्या झडीकडे पाठ, चढायला सावकाश उताराची फळी. आत चार-पाच इंच कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि सुकी पानं. कोकोपीट मुठीत दाबलं की गोळा व्हावा, पण पाणी गळू नये. श्रावणात वरचा थर आठवड्याला उपसून नवा घाला, नाहीतर बुरशी धरते. वाडग्यातलं पाणी त्याच्या हनुवटीपर्यंतच असावं, खोल भांड्यात ते बुडतं.

उन्हाचं प्रकरण लोक हमखास गंडवतात. बाल्कांववर, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर, पारदर्शक पत्रा घातला, लख्ख उजेड आला, म्हणजे ऊन मिळालं असं नाही. काच आणि पॉलिकार्बोनेटचा पत्रा उन्हातले यूव्हीबी (अतिनील) किरण अडवतो, आणि त्या किरणांवाचून कासवाच्या अंगात कॅल्शियम मुरत नाही. कवच मऊ पडतं, पाय वाकतात. म्हणून पावसाळ्यासाठी सरपटणाऱ्या प्राण्यांचा यूव्हीबी ट्यूबलाइट घ्या, मधे काच-प्लास्टिक न ठेवता लावा आणि वर्षाने बदला. प्रकाश दिसत राहतो, पण किरण संपलेले असतात. आषाढात तासभर उघडीप मिळाली तर हातातलं काम टाकून त्याला अंगणात न्या. फ्लॅटमध्ये बारा महिने ट्यूबवरच भागवणार असाल तर माझ्या मते कासव घेऊच नका.

खाण्याचं सोपं आहे. जास्वंदीची पानं-फुलं, शेवग्याचा पाला, तुतीची पानं, दूर्वा, काटे काढलेला फड्या निवडुंग. फळ अधूनमधून: पपई, आंबा, पेरू. काजूची बोंडं मी देत नाही, पडल्या पडल्या आंबतात. पालक रोज नको. अळू, कण्हेर आणि शोभेचं डिफेनबॅकिया आवारातही नको. कॅल्शियमसाठी समुद्रफेन: माणक्यांच्या (स्क्विडच्या) जातीतल्या जीवाचं ते पांढरं हाड किनाऱ्यावर मिळतं. दोन दिवस गोड्या पाण्यात, पाणी बदलत भिजवा, कडक वाळवा, पेटीत टाका. आमचं कासव त्याची कड अशी कुरतडतं की करवतीचे दाते दिसतात.

खरेदी दिवाळीनंतर करा, म्हणजे पावसाआधी त्याला रुळायला सहा-सात महिने मिळतात. पैदास केलेलंच घ्या, पावती मागा. उचलल्यावर जड लागलं पाहिजे, पाय झाडले पाहिजेत, डोळे उघडे, नाक कोरडं. हे कासव साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीतलं आहे, त्यामुळे २०२४ च्या नियमांनुसार ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. विक्रेता "काही लागत नाही" म्हणाला तर दुकान बदला.

कासवं बघणारा डॉक्टर आधी शोधून ठेवा. गाई-कुत्र्यांचे डॉक्टर पुष्कळ, कासवाला हात लावणारे थोडे. पावसाळ्यात नाकातून बुडबुडे आले, मान वर ताणून तोंडाने श्वास घ्यायला लागलं, तर "उद्या बघू" म्हणू नका, त्याच दिवशी न्या. आणि घरात लहान मुलं असतील तर कासवाला हात लावल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय त्यांना खाऊ देऊ नका. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. त्याचं वाडगं स्वयंपाकघराच्या मोरीत धुवायचं नाही, बाहेरच्या नळावर न्यायचं.