४.७ जीबीच्या डीव्हीडीत ४.८६ कसे बसवले

बडोद्याला रावपुऱ्यात राहणाऱ्या आत्याला भाच्याच्या मुंजीची डीव्हीडी हवी होती. तिच्या टीव्हीखाली अजून जुना प्लेअर आहे, पेनड्राइव्ह तिला नको. चित्रण ११० मिनिटांचं. डीव्हीडीचं फोल्डर बनवलं तर विंडोज दाखवतंय ४.८६ जीबी, आणि डिस्कवर छापलंय ४.७. वाटलं, थोडंसंच जास्त आहे.

थोडंसं नव्हतंच. डिस्क बनवणारे १०० कोटी बाइट म्हणजे एक जीबी धरतात, विंडोज १०२४च्या पटीत मोजतं. त्या हिशेबानं डिस्कवर जेमतेम ४.३७ मावतात. म्हणजे अर्धा जीबी उरावर.

दुकानदार म्हणाला, "कम्प्रेस करी नाखो ने!" म्हणजे चित्र दाबून टाका. पण हॅंडीकॅमचं चित्र आधीच कसंबसं, होमाच्या धुराजवळ चौकोन दिसायला लागले असते. ८.५ जीबीची दुहेरी थराची डिस्क त्याच्याकडे नव्हती.

मग सहज आवाजाचं सेटिंग बघितलं, तर तो कच्चा पीसीएम, म्हणजे अजिबात न दाबलेला! सेकंदाला १५३६ किलोबिट, तेही कशासाठी, तर मंगलाष्टकं आणि मिक्सरच्या घरघरीसाठी. तो डॉल्बी डिजिटल, म्हणजे दाबलेल्या आवाजात, १९२ किलोबिटवर आणला. फोल्डर ३.८३ वर आलं, चित्राला हातही लावला नाही.

आणि हो, मूळ एमपी४ची साइज बघून ठरवू नका. प्लेअरला एमपेग-२ हा डीव्हीडीचा व्हिडिओ प्रकार लागतो, त्यात बदलताना साइजही बदलते, त्यामुळे मिनिटं मोजा: दोन तासांना सेकंदाला साधारण ५ मेगाबिट मिळतात, तेवढ्यात चित्र बरं राहतं.

आत्यानं लावली. पहिला प्रश्न, "मी कुठाय यात?"