फवारणीआधी पान उलटा: खरिपात किडींची अंडी वेळीच ओळखा

पावसाची उघडीप, ढगाळ हवा आणि रात्रीचा उकाडा असे तीन-चार दिवस सलग आले की पतंगांची अंडी घालण्याची घाई सुरू होते. मक्यावरील लष्करी अळीची अंडी अशा हवेत दोन ते तीन दिवसांत उबतात. म्हणजे आज न पाहिलेला पुंजका परवा अळ्या होऊन पांगलेला असतो. दर हंगामात पीक हातचे जाते ते इथेच. शेतकरी पानाला भोके पडल्यावर वाकतो, अंडी असताना पान उलटून बघत नाही.

लष्करी अळीची मादी एका पुंजक्यात शंभर ते दोनशे अंडी घालते आणि त्यावर आपल्या अंगाचे करडे केस पसरते. लांबून तो बुरशीचा ठिपका वाटतो. लहान रोपात तो बहुधा पानाच्या खालच्या बाजूला, खोडाजवळ सापडतो. उबण्याआधी अंडी काळपट होतात. असा पुंजका दिसला तर उद्यावर टाकू नका. तेवढा पानाचा तुकडा तोडून साबणाच्या पाण्यात बुडवा किंवा बोटाने चिरडा. बाहेर पडलेल्या अळ्या आधी अंड्यांची टरफले खातात, मग धाग्याला लटकून वाऱ्याने शेजारच्या झाडांवर जातात. एकदा पोंग्यात (मधल्या कोवळ्या पानांच्या सुरळीत) शिरल्या की वर विष्ठेचा भुसा साचतो आणि फवारा आतवर पोहोचत नाही.

सोयाबीनवर तंबाखूची पाने खाणाऱ्या अळीची मादीही पुंजक्यानेच, पानाच्या मागे अंडी घालते. तिची पिल्ले सुरुवातीला एकाच पानावर राहून ते जाळीदार करतात. पिवळट, जाळी झालेले एखादे पान दिसले तर ते अळ्यांसकट तोडून नष्ट करा.

घाटेअळीची मादी मात्र कळ्या, फुले व कोवळ्या शेंड्यांवर एकेक सुटे अंडे घालते. तिथे पुंजका शोधत बसू नका. सोयाबीनवरील चक्रीभुंगा देठावर किंवा फांदीवर दोन चकत्या पाडून मध्ये अंडे ठेवतो. चकतीच्या वरचा भाग सुकलेला दिसला की चकतीच्या थोडे खालून तोडून जाळा. कपाशीवरील गुलाबी बोंडअळीची अंडी पात्या, फुले व कोवळ्या बोंडांवर असतात आणि अळी उबताच आत घुसते. त्यामुळे इथे नजरेपेक्षा कामगंध सापळ्यावर (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारा सापळा) भरवसा ठेवा: एकरी दोन सापळे, आणि सलग तीन रात्री, दर रात्री सापळ्यामागे आठ पतंग आले की उपाय सुरू. डोमकळ्या (आत अळी असलेली, न उमललेली गुलाबासारखी फुले) वेचून नष्ट करा.

तुडतुडे आणि फुलकिडे पानाच्या आतच अंडी घालतात. ती उबली की पिल्ले पुन्हा दिसू लागतात. तरी एका फवारणीनंतर कीड परत दिसली की "औषध बदला, जोडीला टॉनिक घ्या" असे दुकानात सांगतात. तीन-चार डब्यांची भेसळ टाकीत ओतू नका. त्याने खर्च वाढतो आणि किडी खाणारे मित्रकीटक मरतात.

या मित्रकीटकांची अंडीही ओळखा. पिवळी, उभी, दाटीने लावलेली अंडी ढालकिड्याची असतात. बारीक दांडीच्या टोकावर लटकणारे अंडे क्रायसोपाचे (जाळीदार पंखांच्या मित्रकीटकाचे) असते. दोन्हींना हात लावू नका.

निरीक्षण आठवड्यातून दोनदा, सकाळी करा. शेतात पाच ठिकाणी थांबून प्रत्येकी दहा झाडांची पाने उलटा. कडेच्या चार ओळी बघून परत फिरू नका. अमावस्येच्या आसपास पतंग जास्त दिसतात असा शिवारातला अनुभव आहे. त्या दिवसांत एक फेरी वाढवा.

मक्यावरील लष्करी अळीसाठी शिफारशीत मात्रा:
- अंडी किंवा ५ टक्के प्रादुर्भाव: निंबोळी अर्क ५ टक्के, किंवा अॅझाडिरॅक्टिन १५०० पीपीएम ५ मिली प्रति लिटर. अर्क घरी करा: ५ किलो कुटलेल्या निंबोळ्या रात्रभर भिजवून, गाळून, साबण घालून १०० लिटर द्रावण.
- ट्रायकोग्रामा (किडीच्या अंड्यात आपली अंडी घालणारा बारीक मित्रकीटक, कार्डावर चिकटवून मिळतो): एकरी ५०,०००, आठवड्याच्या अंतराने, संध्याकाळी, कार्ड पानाखाली. आधी-नंतर कीटकनाशक मारले तर कार्ड वाया गेले.
- १० ते २० टक्के प्रादुर्भाव: क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल १८.५ टक्के एससी ०.४ मिली, किंवा स्पिनेटोरम ११.७ टक्के एससी ०.५ मिली प्रति लिटर. दोन्ही एकत्र नाहीत. फवारा पोंग्यातच पडू द्या.

इतर कामे:
- खुरपणी, कोळपणी
- चरातून निचरा
- नांग्या भरणे (न उगवलेल्या जागी पुन्हा बी लावणे)
- बांधावरील तण काढणे
- पक्षीथांबे

पाऊस थांबून दोन दिवस झाले असतील, तर ही यादी बाजूला ठेवा आणि आधी मक्यात उतरा.