मोठा साहेब विचारेल, "कोई तकलीफ?"

अमळनेरजवळच्या रस्त्यावर फौजेच्या भरतीसाठी पहाटे पळणारी पोरं मला जिभाऊ म्हणतात. परवा एकानं विचारलं, "जिभाऊ, फौजेत चांगला साहेब कसा ओळखायचा?" पायदळात १७ वर्षं काढून हवालदार म्हणून घरी आलो, तरी मला पटकन बोलता येईना. माझ्या नोकरीतला सगळ्यात चांगला साहेब माझ्यासमोर उभा होता, तेव्हा मी त्याच्याशी खोटं बोललो होतो.

सोळाशे मीटर, मेडिकल, कागदपत्रं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. त्याबद्दल दोनच गोष्टी. "भरती करून देतो" म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका, बापाच्या कापसाचे पैसे आहेत ते. आणि पळण्याआधी कुणी गोळी दिली तर थुंकून टाका.

आता साहेबांचं. तुमचा रोजचा साहेब म्हणजे सेक्शनचा, म्हणजे छोट्या तुकडीचा, हवालदार आणि त्याच्या वरच्या प्लाटूनचा जेसीओ, म्हणजे सुभेदार किंवा नायब सुभेदार. सीओ साहेब, म्हणजे बटालियनचे प्रमुख, सैनिक संमेलनात भेटतील, जिथं सगळे जवान एकत्र बसतात. त्याहून वर डिव्हिजनचे जीओसी, म्हणजे तिचे प्रमुख मेजर जनरल, कधीमधी येतात आणि त्यांच्याआधी गेरू-चुना येतो. मी नवा असताना एक मोठे साहेब आमच्या पोस्टवर आले होते. तीन दिवस आम्ही दगड रंगवले. त्यांनी चहा घेतला, "शाब्बास" म्हणाले, वीस मिनिटांत हेलिकॉप्टर उडालं. आमची छाती फुगली. त्यांनी आम्हाला एकही प्रश्न विचारला नव्हता, हे तेव्हा माझ्या ध्यानातच आलं नाही.

दुसरे जीओसी आले तेव्हा मी १५,००० फुटांच्या वर होतो. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंशांत वाढलेलं पोरगं तिथं एकदम नेत नाहीत. ९,००० ते १२,००० फुटांत ६ दिवस, १५,००० पर्यंत ४ दिवस आणि त्याच्या वर आणखी ४, असे १४ दिवस शरीराला हवेची सवय करून देतात. हे साहेब खालच्या हेलिपॅडवर उतरून शेवटची चढण चालत आले. धाप लागलेली. बंकरमध्ये शिरले, बुखारीच्या शेगडीशेजारी बसले आणि मला विचारलं, "कोई तकलीफ?"

"नहीं साहब, सब ठीक है."

"पाँव?"

"ठीक है साहब."

ते गप्प बसले. माझ्याकडे बघत राहिले. डावा पाय मी जरा उचलूनच ठेवला होता, ते त्यांना दिसलं असणार. म्हणाले, "जूता उतारो." मोजा काढला तर अंगठा मेणबत्तीसारखा पांढरा. त्यांनी हातमोजा काढून स्वतःच्या अंगठ्यानं तो दाबला. मला काहीच जाणवलं नाही. "कब से?" तेव्हा कुठं मी खरं बोललो. तीन दिवसांपासून.

ते ओरडले नाहीत. सेक्शन कमांडरला एवढंच विचारलं, "शाम को सबके पाँव कौन देखता है?" मग कोरडे मोजे का नाहीत हे विचारत विचारत मुळाशी गेले. मोज्यांची गाठोडी खालच्या पोस्टवर पडून होती, कारण त्या आठवड्याच्या खेपांत साहेबांच्या भेटीसाठी चुना आणि खुर्च्या वर आल्या होत्या. सीओ साहेबांकडे वळून ते आमच्यासमोर म्हणाले, "यह मेरी व्हिजिट की गलती है." मला त्याच दिवशी खाली नेलं. नख गेलं, अंगठा वाचला. त्यांच्या भेटीसाठी त्यानंतर आम्ही एकही दगड रंगवला नाही.

ट्रेनिंग सेंटरला उस्ताद सांगायचे की १९४८ च्या नोव्हेंबरात काश्मीरच्या लढाईत झोजिला खिंडीत जनरल थिमय्या स्वतः पुढच्या टँकमध्ये होते. ते ऐकून मला वाटायचं, पुढं असणं म्हणजेच नेतृत्व. आता वाटतं, माणूस पुढं गेल्यावर त्याला काय दिसतं आणि दिसलेलं तो वर सांगतो का, हे बघावं. एप्रिल १९७१ मध्ये फौज अजून तयार नाही हे आपण इंदिरा गांधींना तोंडावर सांगितलं, असं तेव्हाचे लष्करप्रमुख माणेकशॉ स्वतः सांगायचे. लढाई डिसेंबरात झाली.

आता माझा सापळा नीट समजून घ्या, कारण तुम्हीही त्यात पडणार. "सब ठीक है" हे मी फौजेत शिकलो नव्हतो. घरूनच घेऊन गेलो होतो. वादळात केळीची बाग आडवी झाली तरी माझा बाप विचारणाऱ्याला आमच्या अहिराणीत "बरं शे", म्हणजे बरं आहे, म्हणायचा. माय फोनवर विचारायची, "बरा शे ना रे भाऊ?" मी म्हणायचो, "बरा शे माय." घरात ती माया असते. पोस्टवर मात्र जवान हवालदाराला ठीक सांगतो, हवालदार जेसीओला, जेसीओ कंपनी कमांडरला, आणि डिव्हिजनपर्यंत जाता जाता पांढरा पडलेला अंगठा कागदावर ठणठणीत होतो. मग कितीही चांगला जनरल असला तरी त्यानं काय करायचं? प्रत्येकाचा बूट तो काढू शकत नाही.

तुम्ही अग्निवीर. ४ वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्क्यांना ठेवतात, म्हणून दुखणं सांगायची भीती वाटते. भीती खोटी नाही. खरं सांगितलं म्हणून मनात धरणारा साहेबही भेटतो, मला भेटला होता, एक वर्ष सुट्टीसाठी रडवलं त्यानं. पण तो बदलून गेला. अंगठा आयुष्यभर आपल्याजवळ राहतो. घाबरू नका, सांगायची एक रीत असते. आधी सेक्शन कमांडर, मग जेसीओ, तरी नाही झालं तर सैनिक संमेलनात "किसी का कोई पॉइंट?" विचारतात तेव्हा उभं राहायचं. काय होतंय, कधीपासून, किती जणांना, एवढंच बोलायचं. फोनवर व्हिडिओ काढून तो सगळीकडे पसरवायचा नाही, त्यात तुमचीच नोकरी जाते. आणि बटालियनमधला सगळ्यात जुना सुभेदार शोधा. मोबाइलवर भाषणं देणाऱ्या दहा गुरूंपेक्षा त्याच्यासोबत प्यालेला एक चहा जास्त शिकवतो.

परवा प्रश्न विचारणारं तेच पोरगं आज शेवटच्या फेरीत उजवा पाय टाकताना दचकत होतं. विचारलं तर म्हणे, "बरं शे जिभाऊ." खाली बसवून बूट काढायला लावला. नडगीवर बोट ठेवलं तसं ते कळवळलं. भरतीला तीन आठवडे राहिलेत. मी त्याला डॉक्टरकडे नेलं, आठ दिवस पळणं बंद. माझ्याशी न बोलता सायकल हातात धरून घरी गेलाय.